गुरुवारवाल्यांचं पातेलं

देवाने माणसाला गळा दिला तो मुळात त्याचं नाव घ्यायला. पण देव मनाचा मोठा. म्हणाला, याच वाटेने जेवणही जाऊ दे. त्यामुळे वर सूर आणि खाली घास अशी ती अरुंद गल्ली दिवसभर गजबजलेली असते, आणि सगळं सुरळीत चालू असेपर्यंत तिची कुणाला आठवणही होत नाही. काटेवाल्यांनाही नव्हती. एके दिवशी घास अर्ध्या वाटेत थांबला आणि पुढे जाईना. मग पाणी थांबायला लागलं. मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी अन्ननलिकेचं चित्र काढून त्यात एक गाठ दाखवली. चित्र फार सुबक काढलं होतं, असं काटेवाले घरी येऊन म्हणाले.

काटेवाले म्हणजे तराजू दुरुस्त करणारे. किराणा दुकानदार, फळवाले, सोनार, सगळ्यांचे काटे त्यांच्या दुकानात यायचे. काटा खरा झाला की काटेवाले त्याच्या दांडीवर आपली छोटी छाप मारायचे. ती छाप असली की गिऱ्हाईक भांडत नसे. खोट्या काट्यावर छाप मारावी म्हणून त्यांना काय काय आमिषं दाखवली गेली, त्याच्या गोष्टी बाजारात अजून सांगतात. काटेवाले ते आमिष घेऊन आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचे, मग काट्यासकट बाहेर काढायचे.

हा गुण घरातही होता, आणि घरात त्याचा जाच व्हायचा. बायकोने दोन भांड्यांत दूध ओतलं की काटेवाले वाकून दोन्ही भांड्यांच्या कडेला डोळा लावायचे.

"अहो, दूध आहे, सोनं नाही," बायको म्हणायची.

"कमी-जास्त झालंय."

"मग जास्तीतलं तुम्ही प्या आणि मोकळे व्हा."

"तसं नाही. सारखं पाहिजे."

असा माणूस. त्याला औषधाच्या चाचणीत घालायचं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला ठेवायचं. पण हे हॉस्पिटलला कोण सांगणार? चाचणीत घेण्याआधी त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, हृदय तपासलं, दात मोजले. स्वभाव तपासायची सोय अजून कुठल्याच हॉस्पिटलात नाही.

झालं असं, की किरणांचा शेक झाला, सलाईनमधून औषधं झाली, गाठ थोडी आकसली आणि मग अडून बसली. ऑपरेशन जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की एक नवीन गोळी आली आहे, तिची चाचणी चालू आहे, हवं असेल तर नाव घालतो. मोठे डॉक्टर उंचीने बेताचेच होते. मोठे ते पदाने. त्यांची चाकांची बॅग कायम दाराशी तयार असे, कारण ते कुठल्या ना कुठल्या परिषदेला निघालेले असत किंवा परिषदेहून आलेले असत. मधल्या वेळात ते रोगी बघत, आणि खरं सांगायचं तर चांगले बघत.

चाचणीची माहिती द्यायला एक ताई होत्या. गुरुवारी सगळ्या नव्या रोग्यांना आणि नातेवाइकांना एका खोलीत बसवून त्यांनी संमतीचा कागद वाचून दाखवला. कागद कसला, बाडच. त्यात या गोळीने काय काय होऊ शकतं ते लिहिलं होतं. मळमळ होईल, किंवा भूक वाढेल. झोप येईल, किंवा उडेल. केस गळतील, किंवा नको तिथे येतील. दर पानाच्या शेवटी ताई विचारायच्या, "समजलं का?" आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "समजलं."

फक्त काटेवाल्यांनी हात वर केला. "एक समजलं नाही. निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी, असं वाचलंत ना मघाशी?"

"हो काका. दिसायला अगदी सारखी. पण दुसरीत औषध नसतं."

"मला कुठली मिळाली ते सांगणार ना?"

"आम्हालाच माहीत नसतं."

"मग कुणाला माहीत असतं?"

"कॉम्प्युटरला. तोच वाटणी करतो."

काटेवाल्यांचे मेहुणे शेजारी बसले होते. ज्या कामाला ओळख लागत नाही असं काम जगात असू शकतं, यावर मेहुण्यांचा विश्वास नव्हता. ते पुढे सरकून हळू आवाजात म्हणाले, "ताई, तो कॉम्प्युटर बघतं कोण? त्यांचा नंबर मिळेल का? एकदा भेटून घेतो."

"तो परदेशात आहे."

"परदेशात आपला एकजण आहे," मेहुणे म्हणाले आणि तिथल्या तिथे फोन लावायला उठले.

सही झाली. गोळ्यांची पाकिटं मिळाली. गिळता न येणाऱ्यांसाठी गोळी, म्हणून ती पाण्यात विरघळवून प्यायची होती. रोज सकाळी एक. रिकामी पाकिटं परत आणून द्यायची.

दुकानात आल्यावर काटेवाल्यांनी सोनाराचा नाजूक काटा काढला आणि एका पारड्यात आपली गोळी ठेवली. दुसऱ्या पारड्यात ठेवली ती ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे त्याच गुरुवारच्या खोलीत भेटलेला दोस्त. जन्मभर बस चालवलेला, अंगाने दांडगा, आणि आता शर्टात दोन माणसं मावतील इतका उतरलेला. पाकिटं हातात पडल्या पडल्या तो दुकानात येऊन बसला होता.

काटा मधोमध उभा राहिला.

"वजन सारखं," काटेवाले म्हणाले.

ड्रायव्हरने गोळीला जीभ लावली. मग काटेवाल्यांच्या गोळीला लावली. "कडवटपणाही सारखाच. साले पक्के आहेत."

"काम चोख आहे," काटेवाले नाइलाजाने म्हणाले. दुसऱ्याचं चोख काम दिसलं की त्यांना बोलल्याशिवाय राहवत नसे.

"पण एक खडू आहे ना यातली! तू औषध पिणार आणि मी खडू पिणार. नाहीतर उलटं. माझं पाणीसुद्धा आता स्टॉप घेत घेत उतरतं, काटेवाले. मी खडू पिऊन काय करू? फळ्यावर लिहू?"

काटेवाल्यांना त्या रात्री झोप लागली नाही. मरणाचं भय होतंच, पण ते रोजचं झालं होतं. हे नवीन होतं. एका पारड्यात औषध, दुसऱ्यात काही नाही, आणि असा काटा कुणीतरी मुद्दाम लावलाय, त्यावर सही घेतलीय. आपण ज्याला बाजारातून हाकलून दिलं असतं, तो इथे पांढरा कोट घालून बसलाय!

सकाळी त्यांनी बायकोचं दुधाचं पातेलं उचललं आणि दुकान गाठलं. ड्रायव्हर आला. त्याच गुरुवारच्या मोठ्या बाई आल्या. या मोठ्या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून नोकरीत होता. आजारानेही त्याला हात लावला नव्हता. काटेवाल्यांनी तिघांच्या गोळ्या पातेल्यात टाकल्या, पाणी घातलं, ढवळलं, आणि मापाच्या पेल्याने तिघांना सारखं वाटून दिलं.

"कुणाची खरी, कुणाची खोटी, भांडण नको," ते म्हणाले. "जे आहे ते सगळ्यांचं."

बाईंनी पेला डोळ्यांसमोर धरला. "फसवणूक नाही ना ही?"

"बाई, वाटून घेण्यात कसली फसवणूक?"

"तेही खरंच. मी जन्मभर मुलांना हेच शिकवलं," असं म्हणून बाईंनी एका दमात पेला संपवला, म्हणजे घोट घोट करत, मध्ये थांबत, पण चेहरा एका दमाचाच ठेवून.

बघता बघता गुरुवारचे सगळेच यायला लागले. दुकान उघडायच्या आधी ओटीवर चपलांची गर्दी. बाईंनी रांग लावली. "ढकलू नका. प्रत्येकाला मिळणार आहे. ड्रायव्हर, मागे व्हा, तुम्ही काल पहिले होतात." काटेवाले ढवळायचे आणि वाटायचे. पेला भरला की वाकून कडेला डोळा लावायचे. कुणी पाण्याचा थेंब मागे ठेवला तर बाई बघायच्या. ड्रायव्हर रोज काहीतरी बोलून हसवायचा, आणि हसताना सगळ्यांना ठसका लागायचा, कारण त्या मंडळींना हसणंही गिळावं लागायचं.

काही आठवड्यांनी फरक पडायला लागला. फार नाही. पण ज्याला पाणी नीट जात नव्हतं त्याला दूध जायला लागलं. एक दिवस ड्रायव्हरने दुकानात सगळ्यांसमोर चहात बुडवून अख्खं बिस्कीट खाल्लं. बिस्कीट उतरलं, आणि तो दांडगा माणूस पंच्यात तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला.

"नाटकं पुरे," बाई म्हणाल्या, आणि स्वतः पदराने डोळे टिपले.

काटेवाल्यांचा जीव सफरचंदात अडकला होता. फळबाजारातले काटे ते तपासायचे, आणि वर्षानुवर्षं फळवाला त्यांच्या हातात एक सफरचंद ठेवायचा. ते तिथेच उभ्याउभ्या, कराकरा चावून खायचे. आजार झाल्यापासून बायको सफरचंद किसून, कीस गाळून, त्याचं पाणी द्यायची. आता कीस उतरायला लागला होता. पुढची पायरी फोड.

"फोड कधी देतेस?" ते रोज विचारायचे.

"माझं पातेलं आणून द्या, मग बघू," बायको म्हणायची. तिला सगळं ठाऊक होतं. पातेल्यावरून तिने केव्हाच ओळखलं होतं.

हॉस्पिटलात ताई विचारायच्या, "गोळी रोज घेता ना?"

"रोज," सगळे म्हणायचे. आणि ते खोटं नव्हतं. रिकामी पाकिटं वेळेवर परत यायची. गुरुवारवाले म्हणजे आमचे सगळ्यात शिस्तीचे रोगी, असं मोठे डॉक्टर परिषदेत सांगायचे.

इथवर सगळं गोड गोड. पण देव एका हाताने बिस्कीट देतो आणि दुसऱ्या हाताने कान धरतो.

एका गुरुवारी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. चेहरा पडलेला होता. चाकांची बॅग नव्हती, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. त्यांनी भिंतीवर एक चित्र लावलं. दोन रेघा. एक निळी, एक लाल. दोन्ही एकमेकींच्या अंगावर अशा चढल्या होत्या की नीट बघितल्याशिवाय दोन आहेत हे कळू नये.

"तुमच्याशी खोटं बोलणार नाही," डॉक्टर म्हणाले. "वरच्या समितीने मध्येच एकदा हिशोब उघडून बघितला. निळी रेघ खरी गोळी घेणाऱ्यांची, लाल दुसऱ्यांची. दुसऱ्या हॉस्पिटलांत दोन रेघांत थोडं अंतर पडायला लागलंय म्हणतात. आपल्याकडे काडीचं अंतर नाही. आपल्या रोग्यांमुळे सगळा हिशोब खाली आलाय. औषधात दम नाही असं धरून कंपनी ते बंद करायच्या विचारात आहे."

"पण आम्हाला तर बरं वाटतंय!" ड्रायव्हर म्हणाला.

"तीच तर गंमत आहे ना! ज्यांना गोळी आहे त्यांनाही बरं वाटतंय, ज्यांना नाही त्यांनाही तितकंच. मग गोळीचं कर्तृत्व काय?"

खोलीत सगळे जमिनीकडे बघायला लागले. मोठ्या डॉक्टरांना वाटलं, बिचाऱ्यांना धक्का बसला.

काटेवाले मात्र भिंतीकडे बघत होते. दोन रेघा एकमेकींवर, म्हणजे काटा मधोमध. काटा मधोमध उभा राहिला की आपण म्हणतो, खरा आहे. पण दोन्ही पारड्यांत आपणच एकाच पातेल्यातलं ओतलं तर तो दुसरीकडे कुठे जाणार? डॉक्टरांनी औषध आणि खडू यांचं वजन करायला काटा लावला होता. आपण तो बाजारातला चोर समजलो. आणि मग जे जन्मात कुणाला करू दिलं नाही ते स्वतः केलं. दुसऱ्याच्या काट्यात हात घातला, तोही रोज सकाळी, बाईंच्या देखरेखीखाली, रांग लावून!

बाहेर पडता पडता त्यांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं.

त्या संध्याकाळी दुकानात दार लावून बैठक झाली. काटेवाल्यांनी जे सुचलं ते सांगितलं. "आपण बोललो नाही तर औषध बंद. आपल्यामागून ज्यांचा गळा अडकेल त्यांना ते कधीच मिळणार नाही."

"आणि बोललो तर?" ड्रायव्हरने विचारलं.

"बोललो तर आपल्याला चाचणीतून काढतील. पाकिटं परत घेतील."

"म्हणजे माझं बिस्कीट बंद."

काटेवाले पातेल्याची कड पुसायला लागले.

"नाही, नीट सांग ना," ड्रायव्हरचा आवाज चढला. "अजून जन्माला न आलेल्या रोग्यासाठी माझं बिस्कीट बंद. पातेलं कुणी आणलं? तू आणलंस. वाटून घ्या कोण म्हणालं? तू. मी खडू पिऊन कधीच मेलो असतो, तेव्हा चाललं असतं. आता जगायची चटक लावलीस आणि म्हणतोस, सत्य बोल!"

"कंपनी औषध बंद करणार असेल तर तसंही..."

"तोवर तर मिळेल! दोन महिने, चार महिने. माझ्यासाठी ते थोडे नाहीत."

ड्रायव्हरचं खोटं नव्हतं. काटेवाले बाईंकडे वळले. बाई जन्मात पहिल्यांदा काहीच बोलल्या नाहीत. पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

घरी बायको सफरचंद सोलत होती. काटेवाल्यांनी तिलाही सांगितलं. तिची सुरी थांबली.

"औषध बंद झालं तर?" तिने विचारलं.

"तर ही फोड काही माझ्या नशिबात नाही."

तिने अर्धं सोललेलं सफरचंद ताटलीत ठेवलं. "मला विचारू नका. मला विचारलंत तर मी नाही म्हणणार. जन्मभर म्हणत राहणार. तुम्हाला जायचंच असेल तर न विचारता जा."

दुसऱ्या दिवशी काटेवाले न विचारता गेले.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ड्रायव्हर बसलेला होता. दारासमोर पाय पसरून, असा की कुणाला आत जाता येऊ नये.

"तू इथे कसा?" काटेवाल्यांनी विचारलं.

"मला माहीत होतं तू येणार. अडवायला आलोय. केव्हाचा बसलोय. जा घरी."

"सरक."

"नाही सरकत. मी जगात कुणाला ओव्हरटेक करू दिलेलं नाही."

"ड्रायव्हर, मी चोर आहे रे. मला आत जाऊ दे."

"चोर आहेस तर चोरासारखा गप्प बस ना! चोर कधी स्वतःहून ठाण्यात जातो का?"

काटेवाल्यांनी त्याचा पाय उचलून बाजूला करायचा प्रयत्न केला. ड्रायव्हरने तो परत ठेवला. दोन आजारी म्हातारे, दोघांच्या अंगात मिळून एका माणसाचीही ताकद नाही, आणि बाकावर चाललेली ती झटापट बघून समोरची झाडूवाली झाडू टेकून उभी राहिली.

इतक्यात बंद दाराआडून एक खणखणीत आवाज आला.

"आणि मध्येच बोलू नका! माझं पूर्ण होऊ दे!"

दोघेही थिजले. बाई!

ड्रायव्हरने दाराकडे बघितलं, मग काटेवाल्यांकडे. "या कधी गेल्या आत?"

"तू कधी आलास?"

"मी आलो तेव्हा दार बंदच होतं."

मघापासून तो चुकीच्या माणसासाठी दार अडवून बसला होता. हळूहळू त्याने पाय काढून घेतले. काटेवाल्यांनी दार ढकललं.

आत मोठे डॉक्टर खुर्चीत मान खाली घालून बसले होते, गृहपाठ न केलेल्या मुलासारखे. बाई टेबलासमोर उभ्या होत्या. टेबलावर त्यांनी आपली सगळी पाकिटं नीट रचून ठेवली होती.

"हे बघा, आलेच," बाई म्हणाल्या. "हे ढवळायचे, मी रांग लावायचे. दोष दोघांचा निम्मा निम्मा."

डॉक्टरांनी मान वर केली. "पातेल्यात?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांच्या गोळ्या? पातेल्यात?"

"दुधाच्या," काटेवाले म्हणाले.

"अहो, मी या आकड्यांवर परिषदेत भाषण दिलंय! सगळ्यात शिस्तीचे रोगी म्हणून तुमचे फोटो दाखवलेत!" मग त्यांच्या लक्षात काहीतरी आलं असावं. आवाज एकदम मऊ झाला. "हे आणखी कुणाला सांगितलंत का? म्हणजे समजा, समजा हां, हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत..."

"डॉक्टर," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पण या स्वराने त्यांनी पिढ्यान्पिढ्या कॉपीच्या चिठ्ठ्या खिशातून बाहेर काढल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनीही आपली काढली.

"बरं," ते म्हणाले. "समितीला कळवतो."

"आम्ही बरे कशाने झालो मग?" दारात उभ्या ड्रायव्हरने विचारलं. "तेवढं तरी सांगा."

डॉक्टर थकून हसले. "ते आता कुणालाच सांगता येणार नाही. निम्मं औषध लागू पडलं असेल. आधीच्या शेकाचा परिणाम असेल. रोज सकाळी एकत्र जमायचात त्याचाही असेल. तुलना करायला मागे कुणी ठेवलंच नाहीत ना तुम्ही! देवालाच ठाऊक, आणि तो काही अहवाल लिहीत नाही."

मग जे व्हायचं ते झालं. समिती बसली. समितीवर समिती बसली. गुरुवारवाल्यांचे आकडे हिशोबातून बाजूला काढले, पाकिटं परत घेतली. ताईंना ताकीदपत्र मिळालं, कारण कुणालातरी मिळायला हवंच होतं. मेहुण्यांना त्याच सुमारास परदेशातून फोन आला की कॉम्प्युटरवाल्या माणसाची ओळख निघाली आहे, बोला, काय काम होतं.

पातेलं घरी परत आलं. काटेवाल्यांचा कीस पुन्हा गाळला जायला लागला. ड्रायव्हर दुकानाच्या समोरून जायचा, पण आत बघायचा नाही.

बाई त्या मधल्या महिन्यांत गेल्या. शेवटपर्यंत आवाज शाबूत होता. काटेवाले भेटायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "पश्चात्ताप करत बसू नका, वेळ कमी आहे. ड्रायव्हरशी बोला." काटेवाले बाहेर आले तर ड्रायव्हर जिन्यात बसला होता. दोघे एकाच रिक्षाने परत आले. उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "उद्या येतो दुकानात. चहा ठेव. बुडवायला काही नको."

मग कधीतरी दुसऱ्या हॉस्पिटलांतल्या दोन रेघा एकमेकींपासून सुटल्या. फार नाही, बोटभर. मोठे डॉक्टर म्हणाले, बोटभर म्हणजे काही लोकांना काही महिने, आणि काहींना त्याहून जास्त. औषध बंद करायचा विचार मागे पडला. उरलेल्या गुरुवारवाल्यांना, खरं बोलल्याबद्दल नव्हे तर दुसरा काही नियम सापडला म्हणून, खरी गोळी उघडपणे मिळायला लागली. ड्रायव्हर परत बिस्किटावर आला. बाईंचं पाकीट कुणी घेतलं नाही.

हॉस्पिटलनेही या प्रकरणातून धडा घेतला. बाहेरच्या दालनात मोठी रंगीत पाटी लागली. तिच्यावर एक हात दुसऱ्या हाताला गोळी देतोय, आणि त्यावर लाल फुली. खाली मोठ्या अक्षरात : चाचणीचं औषध कोणीही वाटून घेऊ नये. चित्रकार हळवा असावा. ते दोन हात इतके प्रेमळ निघाले होते की फुली मारणाऱ्याचाच राग यावा.

एका सोमवारी काटेवाले आपली पाकिटं घ्यायला गेले होते. नव्या चाचणीचे रोगी बाकांवर बसले होते. गळ्याला मफलर गुंडाळलेला एकजण बराच वेळ पाटी वाचत होता. मग शेजारणीकडे झुकून म्हणाला, "वाटून घेता येतं म्हणायचं! आपल्याला सुचलंच नव्हतं."

काटेवाले तसेच उठले, घरी गेले, आणि तराजू घेऊन परत आले.

तेव्हापासून दर सोमवारी ते त्या पाटीखाली बसतात. परवानगीचा अर्ज समितीपुढे आहे. समितीचं ठरेपर्यंत ताईंनी त्यांना स्टूल दिलंय. ते एक सफरचंद काढतात, मधोमध कापतात, आणि दोन्ही अर्धी दोन पारड्यांत ठेवतात. काटा मधोमध उभा राहतो.

"आता सांगा," ते विचारतात, "यातलं गोड कुठलं?"

"दोन्ही सारखंच की. एकाच फळाचं."

"मग दोन झाडांपैकी कुठलं लावावं, ते या काट्यावरून कसं कळेल? कळायला दोन पारड्यांत दोन वेगळी फळं लागतात. मी एकदा मायेच्या भरात एकच फळ घातलं. माया खरी होती, वजन खोटं झालं."

"मोठ्याने बोल!" मागच्या बाकावरून ड्रायव्हर ओरडतो. "बाई असत्या तर उभं केलं असतं तुला!"

परवा मफलरवाल्याने विचारलं, "काका, ते सगळं पटलं. पण माझ्या वाट्याला खडू आला तर?"

काटेवाल्यांनी तराजूची दांडी धरून स्थिर केली. उगीचच. ती हलत नव्हती.

"तर तुमच्यामुळे दुसऱ्याच्या औषधाचं वजन झालं, असं म्हणतात," ते हळूच म्हणाले. "बोलायला सोपं आहे. मला नव्हतं जमलं. तुम्हाला जमत नसेल तर सही करू नका, ताईंना उघड सांगा. पण सही केलीत तर पारड्यात हात घालू नका."

मफलरवाल्याने मफलर सारखा केला. होही म्हणाला नाही, नाहीही.

मग काटेवाल्यांनी एका अर्ध्या सफरचंदाची पातळ फोड कापली. किसली नाही. सालासकट तोंडात टाकली आणि चावायला लागले. कराकरा आवाज दालनभर गेला. बाकांवरचे सगळे, आपापल्या अडलेल्या गळ्यांनिशी, त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. ताई पाकिटं हातात धरून दारात थांबल्या.

घास खाली गेला, मध्ये अडला. काटेवाल्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही, पण देवाचं नाव घ्यायलाच तर गळा दिलेला.

"स्टॉप आला असेल तर बेल मार," मागून ड्रायव्हर म्हणाला.

काटेवाल्यांनी डोळे उघडले, हात वर करून पुढे चला अशी खूण केली, आणि दुसरी फोड कापून ड्रायव्हरकडे मागे पाठवली.